बंद झालेल्या मंडळाच्या अक्का

पानांचे आकडे जुळत नव्हते. एकशे बारानंतर एकदम एकशे पंधरा.

आमच्या हौशी नाट्यमंडळाला साठ वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका काढायचं ठरलं होतं आणि चिटणीस म्हणून मंडळाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझं चष्म्याचं दुकान आहे. सकाळी अकराच्या सुमारास एक गिऱ्हाईक खुर्चीत बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतं आणि मी त्याला ऐकता ऐकता इतिवृत्ताची जुनी वही चाळत होतो. एक पान बोटाला जाड लागलं. भिंगाखाली धरलं, तर ती दोन पानं निघाली, चारही कडांनी डिंकाने चिकटवलेली. डिंक वाळून त्याचे पापुद्रे सुटले होते. चष्म्याचे स्क्रू फिरवायचा बारीक पेचकस मी मधे सरकवला आणि पानं सुटी झाली.

आत एक ठराव होता. मंडळाचं काम आजपासून कायमचं बंद करण्यात येत आहे आणि तसं नोंदणी कार्यालयाला लेखी कळवण्यात यावं. खाली पाच सह्या. तारीख तेहतीस वर्षांपूर्वीची.

मी तो तीनदा वाचला. मग बोटांवर हिशेब केला. मला मंडळात येऊन तीस वर्षं झाली होती. म्हणजे मी आलो, तेव्हा मंडळ बंद होऊन तीन वर्षं उलटली होती. माझी आणि बायकोची ओळख तालमीत झाली. लग्नाला आमच्याकडची निम्मी माणसं मंडळातली होती. मी बावीस नाटकांत कामं केली, आठ वर्षं चिटणीसपद सांभाळलं, नातेवाइकांशी भांडून तालमींना गेलो, आणि हे सगळं अशा संस्थेसाठी, जी तिच्याच वहीप्रमाणे अस्तित्वात नव्हती. खुर्चीतलं गिऱ्हाईक विचारत होतं की आत्ताची काच बरी की मघाची. मी म्हटलं, मघाची. चार दिवसांनी ते परत आलं. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन दिसतात म्हणत होतं, आणि त्याचं बरोबरच होतं.

ठरावाचं अक्षर तेव्हाच्या चिटणीसांचं होतं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. पण पुढच्या पानापासून अक्षर बदललं होतं. सरळ, उभं, एकही वेलांटी रेषेबाहेर न जाणारं. पुढची पंचवीस वर्षं तेच. ते अक्षर मंडळात सगळ्यांना ओळखता येतं. ते अक्कांचं.

अक्का म्हणजे आमच्या प्रॉम्प्टर. नाटक चालू असताना विंगेत स्टुलावर बसून, हातात संहिता घेऊन, अडलेल्याला पुढचा शब्द पुरवायचा हे त्यांचं काम. त्या चव्वेचाळीस वर्षं ते करत आल्या होत्या. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. बाविसाव्या वर्षी धाकट्या भावाला तालमीला सोडायला म्हणून आल्या, कारण सोळा वर्षांचा तो एकटा आला तर वाटेत कुठेतरी रमायचा. तो आत तालीम करायचा आणि या दाराशी उभ्या राहून वाट बघायच्या. एका संध्याकाळी आतला नट अडला आणि दारातून आवाज आला, "पुढे 'तरीसुद्धा' आहे." त्यांनी ऐकून ऐकून सगळं नाटक पाठ केलं होतं. त्याच दिवशी त्यांना आत बसायला स्टूल मिळालं.

आमची तालमीची जागा पिठाच्या गिरणीच्या वरची. गिरणी रात्री आठपर्यंत चालते, तालीम साडेसहाला सुरू होते, त्यामुळे पहिला दीड तास सगळे ओरडूनच बोलतात. फळ्यांच्या फटींतून पीठ वर येतं आणि तास दोन तासांत तरण्या पोरांचे केसही पांढरे होतात. स्पर्धेत परीक्षक दरवर्षी लिहितात की या संस्थेच्या कलावंतांची पट्टी अकारण चढी आहे. त्यांना गिरणी कोण दाखवणार. त्या गोंगाटात ज्यांचा हलका आवाज नटापर्यंत पोचायचा त्या फक्त अक्का. संहिताही त्याच टाइप करायच्या, एका वेळी पाच प्रती, कार्बन लावून. वरची ठळक प्रत दिग्दर्शकाला आणि पाचवी, जिच्यावर अक्षरं नुसती सावलीसारखी उमटलेली असायची, ती नव्या माणसाला. मला पहिल्या नाटकात पाचवी प्रत मिळाली होती. ती वाचता वाचता डोळे दुखायला लागले आणि मी घरच्या धंद्याला नावं ठेवणं सोडलं, असं बायको सगळ्यांना सांगते.

त्यांच्या भावाला मी कधी पाहिलं नाही. सगळे त्याला टिल्लू म्हणायचे, कारण उंची बेताची. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचं काम करायचा आणि स्टेजवर आला की लोक त्याने तोंड उघडायच्या आधीच हसायला लागायचे. आईवडील लवकर गेलेले, घरात ही दोघंच. तो सत्तावीस वर्षांचा असताना मंडळ दुसऱ्या गावी स्पर्धेला निघालं होतं. बाकीची मंडळी बसने गेली. नेपथ्याच्या चौकटी ट्रकमध्ये होत्या आणि त्या पडू नयेत म्हणून टिल्लू ट्रकच्या मागच्या भागात बसला. उजाडताना एका उतारावरच्या वळणावर ट्रक उलटला. चालकाला खरचटलं. टिल्लू चौकटींखाली सापडला. बसमधली माणसं नाट्यगृहाच्या दारात ट्रकची वाट बघत बसली होती.

एवढं मंडळात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर काय झालं ते माहीत असल्यासारखं वाटायचं, पण कोणी विचारलेलं नव्हतं. मंडळ सावरलं, अर्धवट राहिलेलं ते नाटक दोन वर्षांनी पुन्हा उभं केलं, आणि गाडी पुढे चालू झाली, असं आम्ही नव्या सभासदांना सांगायचो. मीही सांगायचो, छाती पुढे काढून.

दुपारी दुकान बंद करून मी वही घरी नेली. बायकोने ठराव वाचला आणि खाली बसली. मग म्हणाली की आधी अक्कांना विचारू, मग बाकीच्यांना तोंड दाखवू. संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

अक्कांचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मी वही टेबलावर उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावला, म्हणजे मीच दिलेला, पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"डिंक कचेरीतला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हाच वाटलं होतं टिकायचा नाही."

मला वाटलं होतं त्या नाकारतील, रडतील, निदान गोंधळतील. त्यांनी आमच्यासाठी चहा टाकला आणि कालचीच गोष्ट असावी तसं सांगायला लागल्या.

टिल्लू गेल्यावर महिनाभराने ते पाच जण जमले होते. मंडळ बंद करायचं एकमताने ठरलं. सगळ्यांना वाटलं, बहिणीला आता हे सगळं डोळ्यांसमोर नको. बहिणीला कोणी विचारलं नाही. उलट नोंदणी कार्यालयाला द्यायचं पत्र टाइप करायला तिच्याकडेच आलं, कारण मंडळात टाइप करणारं दुसरं कोण होतं. नोंदणी कार्यालयही पाणीपुरवठ्याच्या इमारतीतच, एक मजला वर. चिटणीसांनी वही आणि सह्या केलेलं पत्र त्यांच्या हातात दिलं आणि वर नेऊन देशील ना, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन जिना चढल्या, वरच्या दारापर्यंत गेल्या आणि परत खाली येऊन आपल्या यंत्राशी बसल्या.

"मंगळवार होता," अक्का म्हणाल्या. "कचेरी सुटल्यावर साडेसहाला कुठे जायचं ते कळेना. घरी गेले तर तो नव्हता. अकरा वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार मी साडेसहाला तिथे असायची. पत्र दिलं असतं तर तेही गेलं असतं."

मग त्यांनी जे केलं ते ऐकताना मी चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. त्या चिटणीसांकडे गेल्या आणि म्हणाल्या, बाकीच्या चौघांचं मत बदललंय, टिल्लूचं अर्धवट नाटक तेवढं पुरं करावं म्हणतात, पत्र मी तूर्त थांबवते. तिथून दुसऱ्याकडे गेल्या आणि त्यालाही तेच सांगितलं, की तुम्ही सोडून बाकी चौघांना असं वाटतंय. पाच घरं फिरल्या. पाचही जण म्हणाले, बाकीच्यांना वाटत असेल तर मी आडवा येणार नाही. पाच पुरुष त्या विषयावर आपापसात चकार शब्द काढणार नाहीत, अशी त्यांची खात्री होती, आणि तेहतीस वर्षांत ती खोटी ठरली नाही. एक नाटक झालं. मग दुसरं. नवी माणसं आली. पत्राचं काय झालं ते विचारायचं राहून गेलं. वही त्यांनी आपल्याकडेच ठेवली आणि एका दुपारी ती पानं चिकटवून टाकली.

बायकोने विचारलं, फाडून का नाही टाकलं.

"फाडलं असतं तर खोटं झालं असतं," त्या म्हणाल्या. "मी नुसतं झाकलं."

आम्ही खाली रस्त्यावर आलो. बायकोच्या मनात राग होता की कौतुक, ते तिलाच ठरवता येत नव्हतं. मला मात्र राग आला होता. इतक्या माणसांच्या इतक्या संध्याकाळी एका बाईने थाप मारून चालवल्या, असं मला वाटत होतं. कायद्याने काही बिघडलेलं नव्हतं. आमच्यातला एक वकील आहे, तो म्हणाला की पत्र पोचलंच नाही तर संस्था चालूच आहे, आणि दरवर्षीची कागदपत्रं तर अक्कांनी वेळेवर भरली आहेत. पण प्रश्न कायद्याचा नव्हता. पाच सह्यांपैकी एक माणूस अजून जिवंत होता.

ते आमचे जज्जसाहेब. धंद्याने औषधांचे दुकानदार, पण भारदस्त आवाजामुळे मंडळाने त्यांना प्रत्येक नाटकात न्यायाधीश, नाहीतर मुलीचा बाप केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले होते, मंडळाचे मानद अध्यक्ष होते, आणि साठाव्या वर्षाच्या नाटकातही त्यांना दोन पानांचा प्रवेश होता. त्यांना कोण सांगणार, हा पेच अक्कांनीच सोडवला. म्हणाल्या, मी केलंय, मीच सांगेन, फक्त कोणीतरी बरोबर चल. रविवारी सकाळी मी गेलो.

जज्जसाहेब दुकानाच्या वर राहतात. सूनबाईंनी चहा आणि बिस्किटं आणली. जज्जसाहेबांनी सवयीने पुड्यावरची तारीख वाचली आणि मगच तो आमच्यापुढे केला. अक्कांनी बिस्किट घेतलं नाही.

"जज्जसाहेब," त्या म्हणाल्या, "बाकीच्या चौघांना नाटक पुढे चालू ठेवायचं होतं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. त्यातल्या कोणीच तसं म्हटलं नव्हतं. मी एकटीच म्हणाले."

त्यांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. ऐकू आलं नाही की काय असं मला वाटलं.

"एकानेही नाही?"

"एकानेही नाही."

मी अनेक नाटकांत त्यांच्या तोंडून निकाल ऐकले आहेत. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याचं जे झालं ते कुठल्याही नाटकात झालं नव्हतं. तोंड उघडं राहिलं आणि खालचा ओठ हलायला लागला. सूनबाई पुढे आल्या, जज्जसाहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. म्हणाले की स्टेजवर पाय ठेवताना दर वेळी त्यांना वाटायचं, या चौघांनी माझ्यावरचा राग गिळला, तर मी कोण मागे हटणारा. त्यांना पुन्हा तोंडाला रंग लावायचा नव्हता. ते चौघांचे उपकार मानत आले होते, तेहतीस वर्षं. आणि चौघांनी काही केलंच नव्हतं.

अक्कांना त्यांचं बोलणं कळलं नाही. राग कशाचा, असं त्यांनी विचारलं. टिल्लू ट्रकमध्ये आपल्या मर्जीने बसला होता, ते सगळ्यांना माहीत होतं.

"ट्रकचं नाही म्हणत मी," जज्जसाहेब म्हणाले. "तो स्पर्धेलाच येणार नव्हता."

हे अक्कांना नवीन होतं. मी त्यांच्याकडे बघत होतो म्हणून मला दिसलं, त्यांनी खुर्चीचा हात धरला.

स्पर्धेच्या चार दिवस आधी टिल्लू दुकानात आला होता. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबला. दूरच्या एका गावात मोठ्या छापखान्यात त्याला फोरमनची जागा मिळत होती आणि लगेच हजर व्हायचं होतं. नाटक सोडतो म्हणाला. जागेसाठी नव्हे, एरवीही सोडणारच होता. लोक त्याला रस्त्यात बघूनही हसायचे. छापखान्यात मालकाने रागावलं तरी बाकीचे हसायचे. एका मुलीला मागणी घातली तर तीही हसली. अक्काला सांगू नका, मी सांगेन, असं म्हणाला. जज्जसाहेबांनी त्याचा हात धरला. चार दिवसांत बदली माणूस मिळणार नाही, एवढी स्पर्धा कर, मग जा. टिल्लू नको नको म्हणत राहिला. शेवटी हो म्हणाला.

"मी त्याला थांबवला," ते म्हणाले. "चौघांना मी ते सांगितलं होतं. तुला सांगायला तोंड नव्हतं. म्हणून बंद करा म्हणालो. मीच म्हणालो होतो पहिल्यांदा."

खाली दुकानात मुलगा कुणाला तरी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होता, ते शब्द वर स्पष्ट येत होते. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. अक्कांनी छापखान्याचं नाव विचारलं. जज्जसाहेबांनी सांगितलं. राहायची सोय होती का, असं विचारलं. दोन खोल्या होत्या, ते म्हणाले.

"मला नेणार होता?"

जज्जसाहेबांनी खोटं बोलायला हवं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. एवढा नट माणूस, एक वाक्य म्हणायला काय हरकत होती.

"ते काही बोलला नाही," ते म्हणाले.

अक्का उठल्या. पदर नीट केला, सूनबाईंना येते म्हणाल्या आणि जिना उतरायला लागल्या. मी मागोमाग. मधल्या वळणावर त्या थांबल्या आणि भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. ज्या भावासाठी म्हणून त्यांनी पाच माणसांना फसवलं, मंडळ जगवलं, तो भाऊ तेच सोडून जाणार होता. हसवणं हा त्याचा जीव की प्राण आहे, असं त्या उभं आयुष्य मानत आल्या होत्या.

"बरं झालं मला माहीत नव्हतं," म्हणाल्या.

त्या मंगळवारी त्या तालमीला आल्या नाहीत.

चव्वेचाळीस वर्षांत हे घडलं नव्हतं. त्या तापात आल्या होत्या, दाताच्या दुखण्यात गाल सुजवून आल्या होत्या. भावाच्या वेळी तालीमच नव्हती, म्हणून तेवढा खंड. साडेसहा वाजून गेले आणि स्टूल रिकामं, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगून टाकलं. आधी कोणाचा विश्वास बसला नाही. मग एकजण हसायला लागला, मग थांबला. आमची नायिका बँकेत आहे, फार शिस्तीची बाई. ती म्हणाली की ही शुद्ध फसवणूक आहे आणि अशा संस्थेत काम करायचं की नाही याचा तिला विचार करावा लागेल. नेपथ्य करणारा सुतार म्हणाला, कर विचार, पण गुरुवारी ये, दार बसवायचंय. जज्जसाहेबही आले नव्हते. तालीम अशी झाली की विचारू नका. प्रत्येकाचं अडत होतं आणि अडलं की सगळे विंगेकडे बघत होते.

तीन आठवडे असेच गेले. बायको दोनदा अक्कांकडे जाऊन आली. दार उघडायच्या, चहा द्यायच्या, बोलायच्या नाहीत. जज्जसाहेबांनी फोन घेणं सोडलं. प्रयोगाची तारीख ठरलेली, नाट्यगृह घेतलेलं. मी सर्वसाधारण सभा बोलावली आणि अक्कांच्या दाराखालून सूचना सरकवली, जशी कोणत्याही सभासदाला देतात तशी. जज्जसाहेबांना सूनबाईंच्या हाती दिली.

सभा गिरणीच्या वरच, सुट्टीच्या दिवशी. गिरणी बंद होती, त्यामुळे आपले आवाज आपल्यालाच मोठे वाटत होते. एक्केचाळीस सभासदांपैकी एकोणतीस आले. जज्जसाहेब सुनेच्या हाताला धरून जिना चढले आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर बसले. मी विषय मांडायला उभा राहिलो आणि अक्का दारात दिसल्या. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या नाहीत, मधोमध उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं सगळ्यांसमोर उभं राहिलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं, घरं कोणत्या क्रमाने फिरल्या तेसुद्धा. माफी मागितली नाही. टिल्लू मंडळ सोडणार होता, हेही सांगितलं. ते सांगताना आवाज एकदा अडला. पुढचा शब्द द्यायला कोणी नव्हतं, तो त्यांनी स्वतःच शोधला.

"तेव्हा पाच जणांनी ठरवलं आणि मी एकटीने ते मोडलं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा कोणी कोणाला नीट विचारलं नाही. आता विचारा. बंद करायचं की चालू ठेवायचं. हात मोजा."

मंडळ चालू ठेवावं, असा ठराव मी मांडला. हात वर झाले. बँकेतल्या बाईंनी सगळ्यात शेवटी केला, पण केला. मी दोनदा मोजले. सत्तावीस. विरोधात कोण, असं विचारायचं म्हणून विचारलं, आणि भिंतीकडे एक हात वर गेला.

जज्जसाहेबांचा.

ते बसूनच बोलले. म्हणाले की त्यांचं मत तेहतीस वर्षांपूर्वी जे होतं तेच आहे. ज्या नाटकापायी एक पोरगा गेला ते बंद व्हायला हवं होतं. तेव्हा त्यांचं मत झाकलं गेलं, आता ते वहीत लिहावं, नावासकट. मी लिहिलं. त्यांनी ते वाचून घेतलं, एक शब्द बदलायला लावला आणि खाली सही केली. अक्कांनी कोणत्याच बाजूने हात वर केला नव्हता. तो एकोणतिसावा. तटस्थ, असं लिहू का विचारलं, तर म्हणाल्या, काही लिहू नकोस, मी फक्त मोजत होते.

पुढच्या गुरुवारी साडेसहाला जज्जसाहेब गिरणीचा जिना चढून तालमीला आले. सगळे थक्क. माझ्या बायकोला राहवलं नाही, तिने विचारलंच.

"विरोध ठरावाला आहे," ते म्हणाले. "तालमीला नाही. माझा प्रवेश दुसऱ्या कोणाला दिलात की काय?"

दिलेला नव्हता. अक्का त्यांच्या आधीच येऊन बसल्या होत्या. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण दुसऱ्या पानावर ते अडले तेव्हा अक्कांनी शब्द दिला आणि त्यांनी घेतला.

साठाव्या वर्षाचा प्रयोग ठरल्या दिवशी झाला. बरा झाला, ग्रेट वगैरे नाही. दाराची बिजागरी दुसऱ्या अंकात निसटली आणि सुतार विंगेतून ती पाऊण तास हाताने धरून उभा होता. स्मरणिकेत तो ठराव पाच सह्यांसकट छापावा, हा आग्रह अक्कांचाच. त्याखाली काय लिहायचं यावर आमची दोन आठवडे वादावादी झाली आणि शेवटी फक्त तारीख टाकली. वाचून शहरातली बरीच जुनी माणसं मला दुकानात येऊन विचारून गेली की हे खरं का. काहींनी चष्मेही केले.

अक्का आता दर रविवारी सकाळी जज्जसाहेबांकडे जातात. हे मला सूनबाईंनी सांगितलं, त्या फ्रेम बदलायला आल्या होत्या तेव्हा. आधी काही रविवार नुसत्या बसून यायच्या म्हणे. मग एकदा त्यांनी विचारलं की त्या दिवशी दुकानात टिल्लूने नेमके कोणते शब्द वापरले. जज्जसाहेबांना जेवढं आठवलं तेवढं त्यांनी सांगितलं. पुढच्या रविवारी आणखी थोडं आठवलं. ती मुलगी कोण, जी हसली. कोणता शर्ट घातला होता. उभा होता की बसला होता. कधी कधी दोघांचं जोरात वाजतं. असं तो बोलणारच नाही, अक्का म्हणतात, आणि मी होतो तिथे की तू होतीस, जज्जसाहेब म्हणतात. मग सूनबाई चहा नेतात.

"आमच्या घरी इतकं मोठ्याने कोणी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "सगळं खाली दुकानात ऐकू जातं."

मी म्हटलं, गिरणीची सवय आहे त्यांना. आणि फ्रेम पुढे केली.